बेडरॉक म्हणजे तळखडक की कातळ? आणि फॉल्टला काय म्हणायचं?

खोरेकर: पाटण तालुक्याच्या भूशास्त्रीय नकाशाची सूची, म्हणजे रंग-खुणांचा अर्थ सांगणारी यादी, मराठीत करतोय. नकाशा ग्रामपंचायतींत लागणार आहे. 'बेडरॉक'ला, म्हणजे माती-मुरमाखालच्या अखंड खडकाला, मी तळखडक लिहिलं, तपासणाऱ्यांनी 'कातळ करा' म्हणून परत पाठवलं. 'फॉल्ट'लाही, म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंचा खडक सरकलाय त्या भेगेलाही, एकच पक्का शब्द हवाय.

मांजऱ्या_मुरूम: तळखडक नकोच. कोयना परिसरातल्या तीन किलोमीटर खोल विंधनविवरात बेसॉल्ट, म्हणजे लाव्ह्याचा काळा खडक, सुमारे १,२५० मीटरवर संपला आणि खाली ग्रॅनाइट-नाइस हा त्याहून जुना खडक लागला. तळखडक म्हणायचं तर त्याला. तुमच्या नकाशावर माती-मुरमाखालचे लाव्ह्याचे थर रंगवलेत. शिराळ्यापासून जतपर्यंत विहीर खणताना माती, मुरूम, मांजऱ्या, मग काळा पाषाण असंच खाली उतरतात. कातळ चालेल.

सड्यावरचा: कातळ उघडा असतो, बेडरॉक बहुतेक जागी झाकलेला. शिवाय पठारावरच्या जांभ्यालाही आपल्याकडे कातळच म्हणतात. जांभा बेसॉल्ट कुजूनच झालेला, पण नकाशात त्याचा रंग वेगळा. दोन्ही कातळ झाले तर सूची वाचायची कशी? 'मूळखडक' लिहा.

शब्दनिष्ठ: फॉल्टला भ्रंश. संस्कृत आहे, देशभर चालतो.

मांजऱ्या_मुरूम: भ्रंश म्हणजे घसरून खाली येणं. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात मुख्य सरक आडवी होती, डावीकडची (समोरची बाजू डावीकडे गेलेली), उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैऋत्य दिशेत. खाली पडलं काय? शाळेतला 'प्रस्तरभंग' तर फक्त खडक मोडल्याचं सांगतो, सरकल्याचं नाही.

शब्दनिष्ठ: मग अपभ्रंशात शब्द कुठे खाली पडतो? जागेवरून ढळणं हाही भ्रंशच. रुळलेला शब्द व्युत्पत्तीसाठी टाकायचा नसतो.

क्लायनोमीटर: शब्द कुठलाही घ्या, पण फॉल्ट आणि जॉइंट एका शब्दात कोंबू नका. दोन्ही बाजू सरकल्या असतील तरच फॉल्ट. नुसती फट म्हणजे जॉइंट, मराठीत 'संधी'. सह्याद्रीत हे ओळखणं अवघड आहे, कारण थर जवळजवळ आडवे आणि एकसारखे काळे. खुणेसाठी दोन लाव्ह्यांमधला तांबडा गेरूचा पट्टा धरतात आणि ओढ्याच्या दोन्ही काठांवर त्याची उंची मोजतात. इथेच फसगत होते. हातातल्या जीपीएसची उंची पाच-दहा मीटरने सहज चुकते, पट्टा मुळातच उंचसखल जमिनीवर बसलेला असतो, आणि लाव्ह्याची जीभ मध्येच संपते. सात-आठ मीटरच्या फरकावर फॉल्टची रेघ मारू नये. एकावर एक असलेल्या दोन-तीन पट्ट्यांत तेवढाच फरक हवा, किंवा भेगेच्या पृष्ठावर घासल्याच्या रेषा आणि मध्ये भरडलेला चुरा हवा.

भेगेची दिशा घेतानाही सावध राहा. बेसॉल्ट चुंबकीय असतो, होकायंत्राची सुई ढळते. पुढच्या खुणेकडे वाचन घ्या, तिथून उलटं घ्या. दोन्हींत १८०° चा फरक नसेल तर जागा बदला. आणि खांबी बेसॉल्टच्या उभ्या फटी लाव्हा थंड होताना पडलेल्या असतात, त्या मोजणीत घेऊ नका.

सड्यावरचा: उपग्रहचित्रात सरळ दिसणाऱ्या ओढ्यांचं काय? सूचीत त्यांनाही 'भ्रंश' लिहिलेलं पाहिलंय.

क्लायनोमीटर: तो लिनिअमेंट. 'रेषाखूण' म्हणा. जागेवर सरक सापडेपर्यंत तो फॉल्ट नाही. प्रत्यक्ष दिसलेला फॉल्ट अखंड रेघेने, अंदाजाचा तुटक रेघेने, गाळाखाली किंवा जांभ्याखाली दडलेला ठिपक्यांनी दाखवतात. १:५०,००० च्या नकाशावर अर्धा मिलिमीटर रेघ म्हणजे जमिनीवर २५ मीटर. हे सूचीत मराठीत लिहाच, नाहीतर कुणीतरी ती रेघ आपल्या घराखालून गेली समजेल.

मांजऱ्या_मुरूम: मग फॉल्टला 'सरकभेग' का नको? गावात शब्द न समजावता कळेल.

शब्दनिष्ठ: जोडशब्द पाडून परिभाषा होत नाही. उद्या 'रिव्हर्स फॉल्ट'ला, म्हणजे एक बाजू दुसरीवर चढलेल्या फॉल्टला, काय, 'उलटी सरकभेग'?

मांजऱ्या_मुरूम: हो. 'व्युत्क्रम भ्रंश'पेक्षा ते ग्रामसभेत वाचून दाखवता येईल.

खोरेकर: बेडरॉकचं मात्र राहिलंच. नकाशा छपाईला जायचाय, मूळखडक टाकू का?

सड्यावरचा: टाका. पण जांभ्याचा रंग त्याच्या खाली न घेता स्वतंत्र ओळीत.

शब्दनिष्ठ: 'आधारशिला' का नाही?