मदत हवी आहे: तांदळातलं मानवी लॅक्टोफेरिन कॉलमला चिकटत नाही

नाशिकमध्ये एमएस्सी बायोटेकचा प्रकल्प चालू आहे. परवानगीच्या ग्रीनहाऊसमधला जीएम (जनुकबदल केलेला) भात आहे, दाण्यात मानवी लॅक्टोफेरिन (आईच्या दुधातलं लोह धरणारं प्रोटीन) तयार होतं. ब्राऊन राइसचं १० ग्रॅम पीठ १०० मिली फॉस्फेट बफरमध्ये (२० मिलिमोलर, पीएच ७) तासभर ढवळलं, तर जेलवर (प्रोटीनं आकारानुसार वेगळी करणारी चाचणी) लॅक्टोफेरिनची ८० किलोडाल्टनची पट्टी अगदी फिकी येते. बफरमध्ये ०.५ मोलर मीठ घातलं की पट्टी ठळक येते, पण तो अर्क एसपी सेफारोजवर (धनभारित प्रोटीन धरून ठेवणारा कॉलम) सोडला की बरंचसं प्रोटीन न चिकटता फ्लो-थ्रूमध्ये, म्हणजे थेट बाहेर पडणाऱ्या द्रवात, निघून जातं. काय बदलावं? आणि बी वाढवायला इगतपुरीकडे एखाद्या खाचरात थोडं लावलं तर चालेल का?

प्रतिसाद १
दोन्ही अडचणींचं मूळ मिठातच आहे. लॅक्टोफेरिनचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला प्रोटीनचा एकूण भार शून्य होतो) ८ च्या वर, म्हणून पीएच ७ ला ते धनभारित असतं. कोंड्यातलं फायटिक अॅसिड ऋणभारित. मीठ नसलं की दोघं एकमेकांना धरून बसतात आणि प्रोटीन चोथ्यात जातं. मिठाने ती पकड सुटते, पण त्याच मिठाने कॉलमचीही पकड सुटते.

म्हणून ०.३ मोलर मिठात काढा, सेंट्रिफ्यूज करा, मग बिनमिठाच्या बफरने तिप्पट करा (१०० मिलीचे ३०० मिली). मीठ ०.१ मोलरवर येतं. पातळ केल्यावर गढूळपणा येतोच, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरशिवाय कॉलमवर चढवलंत तर कॉलम तुंबेल. चढवण्याआधी कंडक्टिव्हिटी (वीजवाहकता, त्यावरून मीठ किती ते कळतं) मोजा. १०-१२ मिलिसीमेन्स/सेंमीच्या वर असेल तर अजून पातळ करा. ०.१ मोलरने धुवा, १ मोलरने उतरवा. जेलवर चोथा, फ्लो-थ्रू, धुवण आणि शेवटचा अंश असे चारही चालवा, नाहीतर माल कुठे गळतोय ते कळणार नाही. गुलाबी झाक दिसली नाही म्हणून प्रोटीन नाही असं समजू नका, रंग लोहावर ठरतो.

प्रतिसाद २
खाचराचा विचार सोडा. जीएम पिकांसाठीच्या १९८९ च्या नियमांखाली आरसीजीएम-जीईएसी या केंद्रीय समित्यांची मंजुरी आणि राज्याची संमती नसताना बाहेर एक रोपही लावता येत नाही. भात स्वपरागी असला तरी गळलेले दाणे पुढच्या हंगामात उगवतात आणि शेजारच्या इंद्रायणी भातात मिसळतात. दळणही गिरणीत नेऊ नका, लॅबच्याच मिक्सरमध्ये दळा, थांबत थांबत, म्हणजे पीठ तापणार नाही. उरलेलं पीठ आणि चोथा ऑटोक्लेव्ह करूनच टाका.

धागाकर्ता
धन्यवाद सर. फायटिकच नडत असेल तर तांदूळ पॉलिश करूनच घेऊ का?

प्रतिसाद १
फायटिक कमी होईल, पण ग्लुटेलिनचा (भाताच्या साठवण-प्रोटीनचा) प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा भाग, वापरला असेल तर प्रोटीन दाण्याच्या बाहेरच्या थरांत जास्त साठतं आणि तेच घासलं जाईल. हलकं पॉलिश करून दोन्ही पिठांचे अर्क शेजारी शेजारी चालवा. आणि पोषणाचा दावा लिहिताना जपून: प्रोटीनची साखळी मानवी असली तरी वनस्पती तिच्यावर झायलोजवाल्या वेगळ्या शर्करा लावते, मानवी प्रोटीनवर असणारं सायलिक अॅसिड लावत नाही. प्रबंधात 'आईच्या दुधातल्यासारखंच' लिहिलंत तर परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारेल.