‘अनबिलीव्हेबल’ बघितली का कोणी?

काल नेटफ्लिक्सवरची ‘अनबिलीव्हेबल’ मालिका संपवली, ८ भाग, २०१९ ची आहे. झोपच नाही लागली. बलात्काराची तक्रार करणाऱ्या मेरीला पोलीस तेच तेच परत सांगायला लावतात आणि जरा फरक पडला की खोटारडी ठरवतात. खरंच घडलंय का हे?

— हो, घडलंय. २००८, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातलं लिनवुड. मुलगी १८ वर्षांची, पोलिसांनी दबाव टाकून तक्रार खोटी असल्याचं वदवून घेतलं, वर तिच्यावरच केस केली आणि ५०० डॉलर भरायला लावले. २०११ मध्ये कोलोरॅडोत दोन बाई डिटेक्टिव्हनी बलात्कार करणाऱ्या त्या माणसाला पकडलं तेव्हा त्याच्याकडे तिचे फोटो सापडले!! तोवर अडीच वर्षं ती एकटीच सोसत होती.

— मला जास्त लागलं ते तिला सांभाळणाऱ्या बाईंनाच शंका येते ते. का तर ती नीट रडत नाही. अरे आघातानंतर आठवणी तुकड्यातुकड्यात येतात, क्रम चुकतो, कोणी अगदी सुन्न होतं, त्याला खोटं कसं म्हणता?

— मालिकेतली डिटेक्टिव्ह ड्युव्हॉल पीडित बायकांशी कशी बोलते बघा, प्रत्येक गोष्ट विचारून, घाई न करता. पहिला भाग मात्र जपून बघा, जड जातो.