2 किलो 50 ग्रॅम म्हणजे 2.50 किलो? पाचवीतल्या मुलीला कसे समजवावे?

प्रश्न (पालक):
माझी मुलगी दशांश अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी बिनचूक करते. मात्र शाब्दिक उदाहरणात 4 रुपये 5 पैसे आले की 4.5 रुपये लिहिते आणि 2 किलो 50 ग्रॅमचे 2.50 किलो करते. रुपयांच्या बाबतीत ‘मधले शून्य राहिले’ एवढे सांगून भागते, पण किलोला पुन्हा घोटाळा होतो. नियम पाठ न करवता हे कसे शिकवावे?

उत्तर (प्राथमिक शिक्षक):
ताई, चिन्हाच्या डावीकडे मोठे एकक आणि उजवीकडे लहान एकक लिहायचे, असा तिचा समज झालेला दिसतो. 4 रुपये 50 पैसे म्हणजे 4.50 हे योगायोगाने जुळत असल्याने तो पक्काही होतो. म्हणून आधी व्यवहारी अपूर्णांक लिहून घ्यावा: रुपयाचे पैसे 100, म्हणून 5 पैसे म्हणजे 5/100, अर्थात 0.05, किलोचे ग्रॅम 1000, म्हणून 50 ग्रॅम म्हणजे 50/1000, अर्थात 0.050. मग दशांश, शतांश, सहस्रांश अशी घरे आखून अंक भरावेत. शिवणकामाच्या टेपवर 1.5 मीटर दाखवायला सांगा. बोट 105 सेंटिमीटरवर जाते की टेपच्या टोकाला, यावरून तिचा समज लगेच कळेल.

उत्तर (दुसरे पालक):
सुरुवात पैशांपासूनच करण्याचा आग्रह आता सोडावा, असे माझे मत आहे. 1957 साली दशमान नाणी आली तेव्हा पैसे मुलांच्या हातात खेळत असत. 2011 मध्ये 25 पैशांपर्यंतची नाणी चलनातून गेली, त्यामुळे 5 पैसे आता फक्त गणितातच भेटतात. त्यापेक्षा वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर 0.350 दिसते, ते तिला वाचू द्यावे. शेंगदाणे 130 रुपये किलो असतील, तर अर्ध्या किलोचे 65 आणि पाव किलोचे साडेबत्तीस, म्हणजे उत्तर या दोहोंच्या मध्ये हवे, हा अंदाज तिने गुणाकाराआधीच बांधावा. कॅल्क्युलेटर 45.5 दाखवतो, ते ‘45 रुपये 5 पैसे’ नसून साडेपंचेचाळीस आहेत.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. मग 1.30 तास लिहिलेले असेल तर?

उत्तर (प्राथमिक शिक्षक):
तिथे तो बिंदू दशांशचिन्ह नसतोच. दीड तास म्हणजे 1.5 तास. क्रिकेटमधली 4.3 षटकेही तशीच, कारण षटकाचे चेंडू सहा, म्हणून ती खरे तर साडेचार षटके होतात. ही उदाहरणे मात्र किलो-मीटर पक्के झाल्यावरच द्यावीत.