मदत हवी आहे: रायफल स्कोपचे ट्रॅकिंग कमी भरते, निर्माता मात्र दोष मानत नाही

नमस्कार,

मी टेक्सासमध्ये राहतो आणि येथील लांब पल्ल्याच्या रायफल स्पर्धांत हौसेने भाग घेतो. रायफल ६.५ क्रीडमूर काडतुसाची आहे आणि तिच्यावरचा स्कोप (नेम धरायची दुर्बीण) मी दोन वर्षांपूर्वी नवा घेतला. प्रश्न अजून धसास लागलेला नसल्यामुळे निर्मात्याचे नाव येथे लिहीत नाही.

ट्रॅकिंग म्हणजे टरेट (स्कोपचा नेम सरकवणारी फिरती कळ) जितका फिरवावा तितकाच नेम सरकणे. हा कोन मिलमध्ये मोजतात, आणि १०० यार्डांवर १० मिल म्हणजे ३६ इंच. हे पडताळण्यासाठी मी उंच कागदावर ओळंबा सोडून उभी रेघ आखली आणि अंतर फितीने मोजले, कारण रेंजफाइंडर एका यार्डाने चुकला तरी उत्तरात एक टक्क्याचा फरक पडतो. खालच्या ठिपक्यावर पाच गोळ्या झाडल्या, मग टरेट १० मिल चढवून त्याच ठिपक्यावर नेम धरून आणखी पाच. दोन्ही गटांच्या मध्यबिंदूंमधले अंतर ३५ इंच भरले. १००० यार्डांसाठी मला सुमारे साडेआठ मिल चढवावे लागतात, म्हणजे याच प्रमाणात तिथे गोळी साडेआठ इंच खाली जाणार.

तूट कायम तेवढीच राहिली असती तर बॅलिस्टिक ॲपमध्ये (अंतराप्रमाणे किती मिल चढवायचे ते सांगणाऱ्या) दुरुस्तीचा गुणक घालून मी गप्प बसलो असतो. खरी अडचण अशी की टरेट खाली आणल्यावर झिरो (टरेट शून्यावर असताना गोळी जिथे लागते ती जागा) कधी जुन्या जागी येतो, तर कधी ०.२ ते ०.३ मिल उजवीकडे सरकलेला असतो, आणि त्यावर कोणताही गुणक चालत नाही. स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगांचे व बेसचे स्क्रू माहितीपुस्तिकेप्रमाणे टॉर्क रेंचने आवळलेले आहेत. त्याच रिंगांत मित्राचा स्कोप बसवून तीच काडतुसे वापरली, तेव्हा ३६ इंच बरोबर भरले आणि झिरोही हलला नाही.

स्कोप दुरुस्तीसाठी पाठवला, तो सहा आठवड्यांनी ‘तपासणीत दोष आढळला नाही’ एवढ्या एका ओळीच्या चिठ्ठीसह परत आला. फोनवर बोलणारी माणसे अतिशय सौजन्याने वागली, पण तपासणी कशी केली आणि आकडे काय आले, हे कोणीही सांगू शकले नाही. व्हॉर्टेक्स, ल्युपोल्ड यांच्यासारख्या कंपन्या आजीवन हमी देतात, खरेदीची पावती मागत नाहीत आणि दुसऱ्या मालकालाही ती हमी लागू होते, हे मला ठाऊक आहे. माझ्या स्कोपचीही हमी जवळपास तशीच आहे. परंतु दोष मान्य झाल्यावरच हमी कामाला येते, आणि अधूनमधून उद्भवणारा दोष त्यांच्या टेबलावर नेमका त्याच दिवशी दिसेल याची खात्री काय?

आता जड शिकंज्यात स्कोप पक्का धरून, मोजपट्टी आखलेल्या कागदावर रेटिकल (स्कोपमधल्या नेमाच्या रेघा) कसे सरकते याचे चित्रीकरण करावे, असा विचार आहे. असा पुरावा जोडल्यावर निर्मात्याने दखल घेतल्याचा अनुभव कोणाला आहे का? पहिल्याच पत्रात दुरुस्तीऐवजी बदली मागावी, की आधी त्यांच्या तपासणीचे आकडे लेखी मागावेत? हमीसह विकून मोकळे व्हावे, असाही सल्ला मिळाला, पण सदोष वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात मारणे मनाला पटत नाही. पुढची स्पर्धा दोन महिन्यांवर आहे आणि मित्राचा स्कोप तोवरच माझ्याकडे राहणार आहे.