लँगॉलेन कालवा, ऑक्टोबरअखेर: रात्री पबजवळ बोट बांधायला जागा कशी मिळवायची?

दांडियाबाजार
नमस्कार मंडळी. २४ ते ३१ ऑक्टोबर २०२६ असा आठवडा इंग्लंड-वेल्सच्या सीमेवरच्या लँगॉलेन कालव्यावर नॅरोबोट (कालव्यासाठीची अरुंद, लांब बोट) भाड्याने घेतोय. बोट ६० फुटी, चार मोठे, दोन मुलं (९ आणि १३). एल्समियरहून लँगॉलेन आणि परत. नवरात्र बडोद्याबाहेर काढणं घरात कुणालाच मान्य नाही, म्हणून दसऱ्यानंतरची तारीख. दिवाळी ८ नोव्हेंबरला, तोवर परत.

रोज संध्याकाळी पबजवळ थांबून तिथेच जेवायचा विचार आहे. (जेवायलाच. बडोद्याच्या माणसाने पब म्हटलं की लोक वेगळंच हसतात.) पबसमोरची जागा आधी राखून ठेवता येते का? पैसे पडतात का? किती वाजेपर्यंत पोचावं? कंपनी खुंटे आणि हातोडा देते म्हणे, त्यांचं नेमकं काय करायचं? आमच्यातले दोघे शाकाहारी आहेत.

रावपुरा ते रेडिंग
जागा राखून ठेवता येत नाही. कालव्याला दोन काठ असतात. एका काठाने पायवाट जाते, तिला टोपाथ म्हणतात. तिथे फलकावर वेगळं काही लिहिलं नसेल तर फुकट बांधता येतं, कमाल १४ दिवस. पब, गावं, बघण्यासारख्या जागा असतील तिथे मर्यादा २४ किंवा ४८ तासांवर येते, तसा फलक असतो. समोरचा काठ बहुतेक खाजगी. पबची स्वतःची जागा असली तर ती बऱ्याचदा याच बाजूला, फक्त गिऱ्हाइकांसाठी. ती विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि टोपाथवरच्या जागेवर पबवाल्याचा काडीचाही हक्क नाही, त्यामुळे फोनवर तो "या की, जागा असेल" म्हणाला तरी त्याला काही अर्थ नाही. फोन करायचा तो टेबलासाठी.

खरी अडचण उजेडाची आहे. तुमच्या तारखा बघा. २५ तारखेला पहाटे तिकडची घड्याळं एक तास मागे जातात. शनिवारी सूर्यास्त सहाच्या सुमारास, रविवारी पाचच्या आत आणि ३१ ला पावणेपाचच्या जरा आधी. भाड्याची बोट अंधारात चालवायला कंपन्या मनाई करतात. म्हणून साडेतीनला जागा शोधायला लागायचं आणि चारला बोट बांधलेली हवी. "पुढच्या पबपर्यंत जाऊ" म्हणणारे पाच वाजता झुडपांत बोट घुसवून बसतात.

वेळेचा हिशेब सोपा: मैल अधिक लॉक (बोट वर-खाली नेणारे दारांचे हौद), भागिले तीन, म्हणजे तास. वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे, पण बांधलेल्या बोटींजवळून निम्म्या वेगाने जावं लागतं. शिवाय या कालव्याला चक्क प्रवाह आहे. डी नदीचं पाणी यातून हर्लस्टनच्या जलाशयाकडे जातं. लँगॉलेनकडे जाताना तुम्ही उलट्या पाण्यात आहात, तेव्हा जातानाच्या वेळेत पाव भाग वाढवा. येताना तो परत मिळतो.

वाडीवाली मीनल
त्यात भर. इंग्लंडमधल्या बऱ्याच शाळांना नेमकी २६ ते ३० ऑक्टोबर सुट्टी असते, म्हणजे बोटींची गर्दी आणि पबमध्येही गर्दी. टेबल दोन दिवस आधी सांगा. सांगताना तीन गोष्टी विचारा: स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं (दार अकरापर्यंत उघडं असतं, पण जेवणाची ऑर्डर खेड्यात आठ-साडेआठला संपते), सोमवार-मंगळवारी जेवण असतं का, आणि मुलं किती वाजेपर्यंत चालतात. शाकाहारी असेल तर "मांस नको" एवढं पुरत नाही. मासा चालतो का, असं हमखास विचारतात, आणि चिप्स कधी कधी प्राण्यांच्या चरबीत तळलेल्या असतात. आधीच स्पष्ट सांगा.

रविवारी दुपारी रोस्टचं जेवण असतं आणि संध्याकाळी स्वयंपाकघर लवकर आटपतं. म्हणून २५ ला दुपारी पबमध्ये जेवा, रात्री बोटीवर खिचडी. तशीही त्या रात्री कोजागिरी आहे. ढग नसले तर मसाला दूध बोटीच्या डेकवर.

खुंटा-हातोडा
बांधण्याबद्दल. कंपनीचा माणूस हे दोन मिनिटांत उरकतो, म्हणून जरा सविस्तर.

आधी काठ बघा. काठावर लोखंडी पत्रे ठोकलेले असतील आणि त्यांना आडवी पट्टी असेल तर खुंटे अजिबात वापरू नका. बोटीत दोन साखळ्या असतात, प्रत्येकीला एक मोठी आणि एक लहान कडी. लहान कडी पट्टीच्या मागून खाली सोडा, पुढून वर घ्या, मोठ्या कडीतून ओवून खेचा. दोर लहान कडीतून घालून परत बोटीवर आणा आणि गाठ बोटीवरच मारा. सकाळी चिखलात वाकावं लागत नाही. साखळ्या नसतील तर वाकडे आकडे असतात, ते पट्टीमागे अडकवायचे. ते ढिले पडले की निसटतात, म्हणून साखळी बरी.

नुसती माती आणि गवत असेल तर खुंटा. पाण्यापासून साधारण हातभर आत, पण पायवाटेवर नाही. खुंट्याचं डोकं बोटीपासून दूर झुकलेलं हवं, तंबूच्या खुंटीसारखं. दोन तृतीयांश जमिनीत ठोका आणि दोर अगदी जमिनीलगत बांधा. वर बांधला तर खुंटा कुदळीसारखा उचकटतो. पुढचा खुंटा नाकाच्या दोन-एक मीटर पुढे, मागचा शेपटीच्या तितकाच मागे, म्हणजे दोर तिरके बाहेर पडतात आणि बोट पुढे-मागे सरकत नाही. दोन्ही सरळ काटकोनात बांधणं ही सगळ्यात मोठी चूक. शेजारून बोट गेली की पाणी तुमच्या बोटीला आधी एकीकडे आणि मग उलट ओढतं. दोर ढिला असेल तर १५ टनांच्या आसपासची बोट झटका देते, आणि ऑक्टोबरच्या ओल्या मातीतून खुंटा गाजरासारखा बाहेर येतो. माती फारच मऊ असेल तर प्रत्येक टोकाला दोन खुंटे एकमेकांवर तिरपे ठोका आणि दोर फुलीत घाला. खुंट्याच्या डोक्यावर पांढरी पिशवी बांधा, रात्री सायकलवाले जातात.

बोट काठाला लागत नसेल तर रेटू नका. कडेला गाळ असतो. नाक काठाला, शेपूट दोन फूट बाहेर आणि उतरायला फळी, असं चालतं. लॉकच्या आधी-नंतरचे धक्के, पाण्याचे नळ, वळणं आणि बोट उलटी फिरवायची रुंद जागा, इथे कधीच बांधायचं नाही. झाडाखालीही नको. रात्रभर पानं छपरावर पडतात, पावसानंतर टपटप ऐकू येते आणि वारा सुटला तर फांद्या.

पानांचं एक वेगळंच प्रकरण आहे. ती बोटीच्या पंख्याला (प्रोपेलरला) गुंडाळली की इंजिन घुरघुरतं आणि बोट पुढे जात नाही. जोर वाढवू नका. न्यूट्रल, मग दोन सेकंद रिव्हर्स, पुन्हा न्यूट्रल, मग पुढे. पानं झडतात. दोर किंवा प्लास्टिक अडकलं असेल तरच इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालून, मागचं पंख्यावरचं झाकण उघडा. झाकण परत घट्ट बसवलंय याची खात्री केल्याशिवाय इंजिन चालू नाही. ते ढिलं राहिलं तर बोटीत पाणी भरतं.

दांडियाबाजार
खुंटा-हातोडा, मनापासून आभार. दोन शंका. मधल्या दोराने बांधलं तर एकाच माणसाचं काम होतं, रात्री तेवढंच चालेल का? आणि आमच्या मार्गावर नेमक्या जागा कोणत्या?

खुंटा-हातोडा
मधला दोर फक्त काठाला येताना आणि लॉकपाशी. रात्री नाही. तो छपराला बांधलेला असतो, बाजूने बोट गेली की तुमची बोट कलंडते आणि चहाचे कप खाली.

रावपुरा ते रेडिंग
जागा. एल्समियरहून शनिवारी तीनला बोट हातात येईल, शिकवण्यात तास जाईल. त्या दिवशी गावाच्याच फाट्यात किंवा मैलभरात थांबा. फ्रँक्टनच्या फाट्यानंतर पुलांचे आकडे पुन्हा १ पासून सुरू होतात, पुढे डब्ल्यू लावून. नकाशा वाचताना हा घोळ हमखास होतो.

रविवारी हिंडफर्डला जॅक मिटन हा पब, अगदी काठावर. मीनलताईंनी सांगितलेलं दुपारचं जेवण तिथे जमेल. पुढे न्यू मार्टनचे दोन लॉक, तुमच्या वाटेवरचे तेवढेच. मग ग्लेड्रिडच्या पुलाशी पोचर्स हा पब. सकाळी साडेआठला निघालात तर तिथे चारच्या आत सहज. सोमवारी चर्कचा जलसेतू (दरीवरून कालवा नेणारा पूल) आणि ४२० मीटरचा बोगदा. उलट्या पाण्यामुळे बोगद्यात बोट रांगते, घाबरू नका. रात्रीसाठी ट्रेव्हरच्या मागे लागू नका, भाड्याच्या बोटींचा तळ असल्याने तिथे खच्चून गर्दी. त्याआधी फ्रॉनला थांबा, चढ चढून अ‍ॅक्विडक्ट इनला जेवा. सकाळी पॉन्टकसुल्तेचा जलसेतू रिकामा मिळतो: १८०५ सालचा, ३०७ मीटर लांब, ३८ मीटर उंच, आणि एका बाजूला कठडाच नाही. मुलं आत.

ट्रेव्हर ते लँगॉलेन साडेचार मैल, पण दोन तास धरा. काही ठिकाणी एकच बोट जाते. एकाने फोन घेऊन पुढे चालत जायचं, वाट मोकळी असल्याचं कळवायचं, मगच बोट हलवायची. लँगॉलेनला सकाळी उशिरा पोचा, तेव्हा रात्रीच्या बोटी निघालेल्या असतात. तिथल्या बंदरात वीज आणि पाणी पैसे भरून मिळतं. त्यापुढे यांत्रिक बोटींना बंदी आहे.

वाडीवाली मीनल
पबच्या अगदी दाराशी बांधायचा हट्टच कशाला? शनिवारी रात्री तिथे गलका असतो. पाच-दहा मिनिटं चालत जाण्याच्या अंतरावर मोकळा, झाडं नसलेला काठ बघा. फक्त परतीची वाट पाण्याकाठची आणि काळोखी असते. प्रत्येकाच्या डोक्याला टॉर्च, एकामागोमाग एक, मुलं पाण्याच्या उलट्या बाजूला आणि जॅकेट घातलेली. मोठ्यांपैकी एकाने तरी बिअर घेऊ नये. आणि रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन चालवायचं नसतं, तेव्हा फोन चार्ज करणं, पाणी तापवणं हे पबला निघायच्या आधी उरका.