बाळ रांगायला लागलंय, फरशी नक्की कशाने पुसायची?

झोपमोड:
मुलगी साडेसात महिन्यांची झालीये आणि गेल्या आठवड्यापासून घरभर रांगतीये, फरशीवर हात टेकवणार आणि तोच हात लगेच तोंडात. आत्तापर्यंत आम्ही फिनाईल टाकून पुसत होतो, आता तो वास आला की माझ्याच पोटात गोळा येतो. नवरा म्हणतो जंतू मरायला नकोत का, आई म्हणते तुम्हीपण याच फरशीवर वाढलात. 'नॅचरल', 'बेबी सेफ' लिहिलेल्या बाटल्या बघून डोकं गरगरतं. सगळं व्हिनेगर आणि सोड्यावर आणू का?

पावणेतीन:
आमच्याकडे रोज कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब, मग एकदा नुसत्या पाण्याचं फडकं, वाळेपर्यंत पोरगं कडेवर. साबणाने मळ निघतो आणि मळाबरोबर बरेचसे जंतूपण जातात, रोज मारत बसायची गरज नसते. घरात कोणाला उलट्या-जुलाब झाले तर ब्लीच काढते, पण आधी साबणाने पुसून, कारण मळावर ओतलं तर ब्लीचचा जोर मळातच संपतो. आणि बाटलीवर जितकी मिनिटं लिहिलीयत तितका वेळ जागा ओली राहू द्यायची. आपण ओततो आणि लगेच पुसतो, मग मिळतो फक्त वास.
व्हिनेगर-सोडा एकत्र करू नकोस बाई, फेस झकास येतो पण दोघं एकमेकांना मारतात, उरतं खारट पाणी. वेगवेगळे वापर. मार्बल असेल तर व्हिनेगर अजिबात नको, चकाकी जाते.

बादलीवाला:
'नॅचरल' या शब्दावर जाऊ नका, मागचं बारीक अक्षर वाचा. वासाचा त्रास असेल तर 'फ्रॅगरन्स फ्री' बघा, 'अनसेंटेड'मध्ये कधीकधी वास दाबायला दुसरा वास घातलेला असतो (हे कळल्यावर मी चिडलो होतो). स्प्रे हवेत मारण्यापेक्षा फडक्यावर मारा, नाकात कमी जातं.
आणि माझा मूर्खपणा सांगतो, टॉयलेटमध्ये ॲसिडवालं क्लीनर टाकलं, डाग गेला नाही म्हणून वरून ब्लीच. त्यातून क्लोरीन गॅस निघतो. डोळे चुरचुरायला लागले, ठसका थांबेना, दार उघडून बाहेर पळालो, बाळ दुसऱ्या खोलीत होतं म्हणून बरं. व्हिनेगरपण ॲसिडच आहे हे लक्षात ठेवा.

कपाटउपसा:
कोणी विचारलं नाहीये तरी सांगते, डांबरगोळ्या. नॅफ्थलीनच्या गोळ्यांत ठेवलेले जुने झबले, दुपटी काढून तशीच बाळाला वापरू नका. जी-सिक्स-पीडीची (लाल पेशींना जपणारं रक्तातलं एक एन्झाइम) कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी त्याने फुटतात, कावीळ वाढते, आणि कमतरता आहे हे बऱ्याचदा कोणाला माहीतच नसतं. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, मला वाटलं हे काय भलतंच. गोळ्या घरातूनच काढून टाकल्या.

झोपमोड:
बापरे, डांबरगोळ्या आहेत आमच्याकडे, आजच काढते. साबण-पाण्यावर नवरा तयार झाला, ब्लीच फक्त आजारपणात असं ठरलंय. आत्ता सिंकखालचं कपाट आवरलं तर पाण्याच्या जुन्या बाटलीत अर्धं फिनाईल सापडलं, लेबल नाही काही नाही, दिसतंय दुधासारखं पांढरं. कोणी भरून ठेवलं ते घरात कोणीच कबूल करत नाहीये.

पावणेतीन:
कबुलीजबाब नंतर घे, आधी कपाटाला कडी लाव.