मदत हवी आहे: कढीपत्ता पिवळा पडलाय, काय घालू?

अथणीची_सून
कढीपत्ता पिवळा पडलाय. दोन महिने झाले, काही केल्या सुधारत नाही. खत घातलं, पाणी वेळच्या वेळी, ऊन भरपूर. काय घालायचं ते कुणीतरी लवकर सांगा. रोप माहेरचं आहे, मला ते जगवायचंच आहे.

तिलकवाडी_गच्ची
ताई, पिवळी कुठली पानं, शेंड्याची की बुडाची? जमिनीत आहे की कुंडीत? कुंडीला भोक आहे का? खत म्हणजे कसलं? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

शहापूरचा_आप्पा
आंबट ताक घाला. वाटीभर ताकात तीन वाट्या पाणी, आठवड्यातनं एकदा. मी पंधरा वर्षं घालूलालोय. झाड पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागलंय, गल्लीतली निम्मी घरं आमचाच कढीपत्ता नेतात.

जांबोटीकडचा
थंडीनं झालं असणार. आमच्याकडं डिसेंबर-जानेवारीत कढीलिंब झोपूनच असतो. पाणी कमी करा आणि वाट बघा.

अथणीची_सून
फेब्रुवारी संपत आला, थंडी कधीच गेली. आणि अथणीला जांबोटीसारखी थंडी कुठली हो! रंगाच्या वीस लिटरच्या बादलीत आहे, बुडाला भोकं पाडलीत. शेणखत घातलंय. पिवळी पडतात ती नवीन पानं, शेंड्याची. जुनी हिरवीगार आहेत.

पुदिना_वेडी
कढीपत्त्यापेक्षा पुदिना लावा, खरंच सांगते. गणपत गल्लीतनं आणलेल्या जुडीतल्या जाड काड्या निवडायच्या, खालची पानं काढून पेल्यात पाण्यात ठेवायच्या. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं सुटतात. मग पसरट कुंडीत, अर्ध्या उन्हात. फक्त दुसऱ्या झाडासोबत लावू नका, तो मातीखालनं धावतो आणि सगळी कुंडी खातो. पाणी घालताना हात लागला तरी अंगणभर वास येतो. माझा दिवस तिथनंच सुरू होतो.

तिलकवाडी_गच्ची
पुदिन्याचं कुणी विचारलं नव्हतं, पण माहिती बरोबर आहे.
ताई, नवीन पिवळी आणि जुनी हिरवी म्हणजे नत्र कमी पडलेलं नाही. नत्र कमी असतं तर बुडाची पानं आधी जातात. एक कोवळं पान खुडून उजेडात धरा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसतो का?

अथणीची_सून
आत्ताच बघून आले. अगदी तसंच आहे. हिरव्या शिरांची बारीक जाळी आणि मधे लिंबासारखा पिवळा रंग. सगळ्यात वरची दोन पानं तर जवळजवळ पांढरी झालीत.

संकेश्वरचा_ऊसवाला
हा केवडा आहे. उसाला पडतो तोच. झाडाला लोह मिळत नाही. माती कसली आणि पाणी कसलं, ते सांगा.

शहापूरचा_आप्पा
तेच सांगतोय मी. ताक आंबट असतंय, त्यानं लोह सुटतंय.

संकेश्वरचा_ऊसवाला
आप्पा, शहापूरच्या मातीत तुमचं ताक चालत असेल. चुनखडीच्या काळ्या मातीत वाटीभर ताकाचा आंबटपणा किती वेळ टिकणार? वर मुंग्या आणि बुरशी येते ती वेगळीच.

शहापूरचा_आप्पा
पंधरा वर्षांत मुंगी बघितली नाही. पाणी घालून पातळ करायचं असतंय, घट्ट ओतलं तर होणारच.

फुलपाखरू_खानापूर
पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या बारक्या अळ्या आहेत का? कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, म्हणून लिंबावरची फुलपाखरं त्यावरही अंडी घालतात. अळी मोठी झाली की हिरवी होते. असल्या तर मारू नका, चार पानं खाऊ द्या. मागच्या पावसाळ्यात आमच्या झाडावरनं काळी फुलपाखरं उडाली, मुलगी शाळेला जायची थांबून बघत होती.

अथणीची_सून
अळ्या नाहीत. माती इथलीच काळी. माहेर खानापूरकडचं, रोपाच्या मुळाशी तिकडची तांबडी माती होती तेवढीच. पाणी बोअरचं. आणि दर रविवारी बंबाची राख घालते, सासूबाई सगळ्याच झाडांना घालतात. ते वेगळं काय सांगायचं म्हणून लिहिलं नव्हतं.

संकेश्वरचा_ऊसवाला
सापडलं! राख अल्कधर्मी असते, चुन्यासारखीच. बोअरचं जड पाणी, चुनखडीची काळी माती आणि वर दर आठवड्याला राख. मातीत लोह आहे, पण अशा मातीत ते विरघळत नाही, मग मुळांना कुठनं मिळणार? बादलीच्या कडेला पांढरा थर आलाय का बघा.
राख आजच बंद करा. कृषी सेवा केंद्रातनं हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट (फेरस सल्फेट), आणा. लिटरभर पाण्यात ३ ग्रॅम आणि अर्धं लिंबू पिळून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा एकदा. तोवर ती पानं स्वयंपाकाला नको. नुसतं मातीत टाकू नका, वाया जातं. चमचाभर हिराकस दोन ओंजळी शेणखतात आठ दिवस मुरवा आणि मग द्या.

तिलकवाडी_गच्ची
+१. शिवाय बादली बदलाल तेव्हा निम्मी माती माहेरची तांबडी घाला. जांभ्याची माती आम्ल असते, कढीपत्ता तिच्यातच रमतो. पावसाचं पाणी साठवून ठेवता आलं तर फार उत्तम.

अथणीची_सून
पांढरा थर आहे! बोटभर उंच कडं आलंय, आजवर मला ती धूळ वाटायची.
हे रोप आमच्या विहिरीशेजारच्या झाडाचा फुटवा. आई तेल तापत ठेवायची, मी मागच्या दारानं धावत जाऊन एक काडी ओरबाडून आणायची, मोहरी तडतडायच्या आत. इथं पहिल्यांदा तसं केलं तेव्हा पानं कढईत पडताच तोच वास आला. म्हणून एवढी घाई केली, राग मानू नका.

पुदिना_वेडी
राग कसला. बाजारातली जुडी फ्रिजमध्ये चार दिवस पडली की तिला तो वास राहतच नाही.

जांबोटीकडचा
अवांतर: पानओव्याची फांदी कुणाकडं मिळेल का? पावसाळ्यात भजी करायची आहेत.

अथणीची_सून
तीन आठवडे झाले. राख बंद, दोन फवारे झाले. पांढरी पानं गळाली, जुनी पिवळी तशीच आहेत, पण शेंड्याला दोन नवे तुरे आलेत आणि दोन्ही हिरवे. आई पुढच्या आठवड्यात येतेय, पोतंभर तांबडी माती घेऊन.
जांबोटीकर दादा, पानओवा आमच्या शेजारच्या अक्कांकडं आहे. त्या त्याला दोड्डपत्रे म्हणतात, दही-खोबरं घालून तंबुळी करतात. आई परत जाताना चार फांद्या खानापूरपर्यंत पाठवते, तिथनं तुम्ही घ्या.